धोबी तलावावरची वाद्यांची पेठ

मुंबई शहरानें आपलीं तळीं बुजविलीं, पण त्यांचीं नांवें बुजूं दिलीं नाहींत. गोवालिया टँक, दोन टांकी, धोबी तलाव हीं स्थळें आजहि त्याच नांवांनीं ओळखलीं जातात. मात्र तेथें ओंजळभर पाणीहि दिसावयाचें नाहीं. यांपैकीं धोबी तलावाच्या चौकास वासुदेव बळवंत फडके यांचें नांव दिलेलें आहे. गिरगांवचा रस्ता, काळबादेवीचा रस्ता, क्रॉफर्ड मार्केटकडून येणारा लोकमान्य टिळक मार्ग आणि महापालिका मार्ग असे सारे येथें येऊन मिळतात. बहुतेक पांथस्थ हा चौक ओलांडतात तो वाहनांकडे दृष्टि ठेवून, घाईघाईनें. परंतु ज्या कुटुंबांत एखाद्या मुलास किंवा मुलीस वाद्य घेऊन द्यावयाचें आहे, त्यांनीं घटकाभर थांबावें अशी ही जागा आहे. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही आमच्या सोळा वर्षांच्या नातीस घेऊन येथें विजेवर वाजणारी नवी गिटार घेण्यासाठीं गेलों होतों. त्या निमित्तानें जें पाहिलें व ऐकलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून महापालिका मार्गानें पायीं निघालें, तर थोड्याच वेळांत मनुष्य चौकांत येतो. डाव्या हातास आझाद मैदानाचा मोकळेपणा. उजव्या हातास कामा रुग्णालय व १८६९ सालीं स्थापन झालेलें सेंट झेवियर्स महाविद्यालय. पुढें चौकाच्या तोंडाशीं १९३८ सालीं उघडलेलें मेट्रो चित्रगृह लागतें. त्याच्या समोरच्या अंगास जेर महाल नांवाची जुनी विस्तीर्ण इमारत आहे. १९०४ सालापासूनचें कयानी हें इराणी उपाहारगृह तिच्याच आवारांत. या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर गोमंतकीय ख्रिस्ती लोकांचीं ‘कूड’ म्हणून ओळखलीं जाणारीं वसतिस्थानें आहेत. एकेका गांवचें एकेक कूड. आगबोटीवर चाकरी धरणाऱ्या किंवा मुंबईंत काम शोधावयास येणाऱ्या गांवकऱ्यास तेथें अल्प मोलांत पाठ टेकण्यास जागा मिळे. आपल्याकडील वारांच्या जेवणांनीं जसे कित्येक विद्यार्थी शहाणे केले, तशीं या कुडांनीं कित्येक घरें उभीं केलीं.

वाद्यांची पेठ येथेंच कां वसली, याचें उत्तर या कुडांत आहे. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. प्रार्थनासंगीतास गायक-वादक मिळावे हा हेतु. परंतु त्या विद्येनें पुढें अनेकांच्या पोटापाण्याची सोय केली. हे वादक मुंबईस आले. हॉटेलांतील वाद्यवृंदांत, आगबोटींवर, मूकपटांच्या साथीस बसले. कोंकणी ‘तियात्र’ या नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग १८९२ सालीं झाला तोहि गोव्यांत नव्हे, मुंबईंत. जेथें वादक तेथें तारा हव्यात, स्वरलेखनाचीं पुस्तकें हवींत, मोडक्या वाद्यास जोडणारा हवा. १८६५ सालीं स्थापन झालेली फुर्ताडो ही वाद्यांची पेढी याच परिसरांतली. बोलपटाचा काळ आल्यावर हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा हीं नांवें पडद्यावर क्वचितच आलीं असतील, पण त्यांचें काम आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. संगीतकार प्यारेलाल यांनीं व्हायोलिनचे धडे गोन्साल्विस यांच्यापाशीं घेतले; आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटांतील एका गाण्यांत त्यांचें नांव घातलें गेलें तें शिष्याच्या आदरापोटीं.

आतां घरची गोष्ट. आमचें कुटुंब डोंबिवलींत राहणारें, अकरा माणसांचें. घरांत तंबोरा आहे, पेटी आहे, तबल्याची जोडी आहे. नातीनें गिटारीचा विषय काढला तेव्हां तिच्यावर तीन आक्षेप आले. पहिला, वाद्य विलायती. दुसरा, आवाज फार. तिसरा कोणता तें पुढें सांगूं.

पहिल्या आक्षेपाचें उत्तर घरांतल्या पेटीनेंच दिलें. जी पेटी मराठी संगीत नाटकाचा प्राण झाली, जिच्यावर गोविंदराव टेंबे यांचीं बोटें फिरलीं, ती जन्मानें फ्रान्सची. तिचे स्वर ठोकळ, तिच्यांत मींड नाहीं, या कारणास्तव आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या केंद्रांतून दूर ठेविलें. तरी आपल्या घरांतून ती हलली नाहीं. व्हायोलिनचें उदाहरण तर याहून जुनें. बालुस्वामी दीक्षितर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें दक्षिणेच्या संगीतांत आणिलें, आणि आज त्याच्यावांचून तिकडची मैफल अपुरी वाटते. शिवाय गिटार व सतार या नांवांचीं कुळेंहि पाहण्याजोगीं आहेत. गिटार हें नांव ग्रीकांच्या ‘किथारा’ या तंतुवाद्यापासून स्पेनमार्गें आलें. सतार फारसींतील ‘सेह्-तार’, म्हणजे तीन तारा, यापासून. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले, त्यांतील ‘तत’ वर्गांत गिटार विनातक्रार बसते. वर्ग करतांना त्यांनीं वाद्याचा देश विचारलेला नाहीं.

दुसरा आक्षेप आवाजाचा. येथें मात्र विजेच्या गिटारीविषयीं आपल्या घरांतून मोठा गैरसमज आहे. हें वाद्य स्वभावतः मुकें असतें. साध्या गिटारीस पोकळ पोट असतें, सतारीस भोपळा असतो. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तार छेडली तर खोलीच्या दुसऱ्या टोंकासहि नीट ऐकूं येत नाहीं. तारांच्या खालीं लोहचुंबक बसवून त्यांभोंवतीं केंसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. याला ‘पिक-अप’ म्हणतात. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली कीं त्या वेढ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते, ती ध्वनिवर्धकांत जाते आणि मग आवाज होतो. फॅरडेनें १८३१ सालीं जो विजेचा नियम शोधिला, तोच हा. म्हणून या वाद्यास पोलादाच्याच तारा लागतात; नायलॉनच्या तारा येथें निरुपयोगी. आवाज किती करावयाचा तें बोटानें फिरविण्याच्या एका खुंटीवर अवलंबून. कानास यंत्र लाविलें तर शेजारच्या खाटेवरील मनुष्यासहि त्रास नाहीं. अशा प्रकारची पहिली यशस्वी गिटार १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज बोशँप व अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं सिद्ध केली. तिचा आकार तव्यासारखा म्हणून तिला ‘फ्राइंग पॅन’ हेंच नांव पडलें. भरीव अंगाची गिटार १९५० पासून बाजारांत रूढ करणारा लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती, हें ऐकून आमच्या घरांतील स्त्रियांस मोठें कौतुक वाटलें.

तिसरा आक्षेप आमच्या वडील भगिनींचा, म्हणजे अक्कांचा होता. आणि तो वाद्याविषयीं नव्हता, हाताविषयीं होता. आमची नात जन्मतः डावरी. ती लेखणी डाव्या हातांत धरते, चेंडू डाव्या हातानें फेंकते. जेवतांना, तीर्थ घेतांना, देवास फूल वाहतांना उजवा हात वापरावयाचा, हें अक्कांनीं तिला लहानपणीं शिकविलें व तिनें तें कुरकुर न करतां उचललें. अक्का आज एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. पेन्शनींतून सांठविलेले आठ हजार रुपये त्यांनीं आपण होऊन गिटारीसाठीं काढून दिले, पण देतांना म्हणाल्या, “घ्या, मात्र उजव्या हाताची घ्या. विद्या सरस्वतीची आहे. जेवायला वळला तो हात वाजवायलाहि वळेल.” नात कांहीं बोलली नाहीं.

अक्कांशीं वाद घालण्याची आमची इच्छा नव्हती. पण संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला एक शब्द आठवल्याशिवाय राहिना. अर्जुनाच्या दहा नांवांत ‘सव्यसाची’ हें एक आहे. सव्य म्हणजे डावा; देवकार्यांत जानवें ज्या खांद्यावर असतें, तोच. डाव्या हातानेंहि ज्याचें धनुष्य चालतें तो सव्यसाची. आणि ज्या विराटपर्वांत तो उत्तरास आपल्या या नांवाचा अर्थ सांगतो, त्याच पर्वांत तो बृहन्नडेच्या वेषानें राजकन्या उत्तरेस गायन-वादन शिकवितो. हें सर्व आम्हीं अक्कांस सांगितलें. त्या शांतपणें म्हणाल्या, “त्याचे दोन्ही हात चालत होते. हिचाहि उजवा चालूं दे.” हें उत्तर निर्दोष होतें. आम्ही गप्प बसलों.

अक्कांचे आठ हजार, आमचे आठ हजार आणि नातीनें बक्षिसांच्या व शिष्यवृत्तीच्या पैशांतून जमविलेले सहा हजार, असे बावीस हजार रुपये घेऊन आम्ही धोबी तलावावरील एका दुकानांत शिरलों. भिंतीवर खालपासून वरपर्यंत गिटारी टांगलेल्या. तांबड्या, काळ्या, मधाच्या रंगाच्या. तीसचाळीस तरी असतील. दुकानांतील वयस्क गृहस्थ मूळचे बारदेशचे. मराठी बोलत तें कोंकणी वळणाचें. आम्ही शिक्षक होतों असें कळतांच ते आम्हांस ‘मास्तर’ म्हणूं लागले, व नातीस ‘बाय’. त्यांनीं प्रथम किंमत विचारली नाहीं कीं रंग विचारला नाहीं. नातीस म्हणाले, “बाय, हातांत कांहीं घेऊं नको. गिटार आहे असें समज, आणि वाजव.” नातीनें उजव्या हातानें हवेंत गिटारीची मान धरली आणि डावा हात खालीं-वर हलविला. ते गृहस्थ हंसले नाहींत. “डावरी,” एवढेंच म्हणाले, व भिंतीकडे वळले.

त्या साऱ्या भिंतीवर डाव्या हाताची विजेची गिटार एकच होती. काळ्या रंगाची, किंमत साडेसोळा हजार. त्याच प्रतीची उजव्या हाताची साडेबारा हजारांस मिळत होती, आणि तीहि पांच रंगांत. आम्हीं विचारलें, उजव्या हाताच्याच गिटारीच्या तारा उलट लावल्या तर? त्यांनीं ती उतरवून दाखविली. मानेच्या माथ्याशीं जी पट्टी असते तिच्या खांचा तारेच्या जाडीप्रमाणें कापलेल्या असतात. जाड तार बारीक खांचेंत बसत नाहीं. आवाजाच्या खुंट्या कोपराखालीं येतात. अंगाची जी बाजू बोटें वरच्या पडद्यांपर्यंत पोंचावीं म्हणून कोरलेली असते, ती नेमकी उलट पडते. अमेरिकेचा प्रसिद्ध वादक जिमी हेंड्रिक्स अशीच उलटी करून वाजवी, हें खरें. “पण तो हेंड्रिक्स होता,” असें ते म्हणाले.

मग त्यांनीं दोन्ही बाजू निःपक्षपातीपणें मांडल्या. डाव्या हाताचीं वाद्यें थोडीं येतात, महाग पडतात, मित्रमैत्रिणींचें वाद्य घेऊन वाजवितां येत नाहीं, पुढें विकावयाचें म्हटलें तर गिऱ्हाईक मिळत नाहीं. कित्येक डावरीं मुलें उजव्या हाताच्या वाद्यावर उत्तम तयार होतात. कारण पडद्यांवरचें नाजुक काम त्यांत डाव्याच हाताकडे असतें. पण त्यांचा स्वतःचा अनुभव असा कीं, ताल ज्या हातांत आहे तो हात मुलाचा मुलालाच ठाऊक असतो. “मास्तर, तुम्ही आणि मी गप्प बसूं,” असें म्हणून त्यांनीं आम्हांस एक स्टूल दिलें.

नातीनें प्रथम उजव्या हाताचें वाद्य घेतलें. पाव घटका, अर्धी घटका ती त्यांनीं दाखविलेले दोन साधे बोल घोटीत राहिली. उजव्या हातानें ती जें करीत होती तें चुकीचें नव्हतें. पण तिची दृष्टि सारखी त्या हातावर होती. नंतर काळें वाद्य घेतलें. चुका येथेंहि झाल्या, कदाचित् अधिकच झाल्या. मात्र तारा छेडणाऱ्या हाताकडे तिनें एकदांहि पाहिलें नाहीं. ती समोर, काळबादेवीच्या रस्त्याकडे पाहात होती. चाळीस वर्षें वर्गांत मुलांकडे पाहिलेल्या मनुष्यास यापुढें कांहीं विचारावें लागलें नाहीं.

अडचण पैशांची होती. अक्कांचे आठ हजार वगळले तर काळें वाद्य घेतां येत नव्हतें. आणि ते पैसे उजव्या हातासाठीं दिलेले. दिलेल्या पैशाची अट देणाऱ्यास न विचारतां मोडणें आम्हांस योग्य वाटेना. दुकानाच्या दारांत उभे राहून आम्हीं घरीं फोन लाविला व सर्व हकीकत जशीच्या तशी सांगितली. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाहीं. मग अक्का म्हणाल्या, “पोरगी काय म्हणते?” आम्हीं फोन नातीच्या हातांत दिला. ती म्हणाली, “अक्काआजी, उजव्यानें येतें, पण मोजावें लागतें. डाव्यानें मोजावें लागत नाहीं.” पुन्हां कांहीं वेळ शांतता. नंतर अक्कांचा आवाज आम्हांसहि ऐकूं आला : “मग मोजूं नको.” आणि फोन बंद झाला.

खरेदी करतांना ज्या गोष्टी त्या गृहस्थांनीं तपासून घ्यावयास शिकविलें, त्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून देतों. गिटारीच्या मानेवरून, सुतार फळी पाहतो तसें, एक डोळा मिटून पाहावें. मान पिळवटलेली नसावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून छेडावी. कोठें खरखर आली तर पडदे समपातळींत नाहींत असें समजावें. पडद्यांची रचना गणिताची आहे : प्रत्येक पडदा उरलेल्या तारेचा सुमारें अठरावा भाग तोडतो, आणि बाराव्या पडद्यावर तार बरोबर अर्धी होते. म्हणून मोकळ्या तारेचा स्वर व बाराव्या पडद्यावरचा स्वर हे षड्ज आणि तार षड्ज यांसारखे तंतोतंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास दुकानदाराकडून घोडी पुढें-मागें सरकवून घ्यावी. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या तर नवशिक्याचीं बोटें सोलतात. तीहि उंची तेथेंच कमी करून मिळते. एकाच वेढ्याचा पिक-अप असेल तर नळीच्या दिव्याजवळ गुणगुण ऐकूं येते. दोन वेढे एकमेकांविरुद्ध जोडलेल्या प्रकारांत ती बहुतांशीं मावळते. दोन्ही प्रकार ऐकून मग निवडावें. घरच्या खोलीस दहा-पंधरा वॅटचा ध्वनिवर्धक पुरे. वाद्य, लहानसा ध्वनिवर्धक, जोडणीची दोरी, तारांचा एक जादा संच आणि चार नख्या असा सारा हिशेब बावीस हजारांत बसला. परतीच्या तिकिटांचे पैसे तेवढे आम्हीं निराळे ठेविले होते.

आज घरांत रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर एक तास ती गिटार वाजते. सतारीप्रमाणें पडद्यावर तार आडवी ओढून मींड घेतां येते, हें नातीनें अक्कांना दाखविल्यापासून त्या कांहीं वेळ जवळ येऊन बसतात. तीर्थासाठीं मात्र उजवाच हात पुढें करावा लागतो. त्यांत अक्कांनीं सूट दिलेली नाहीं, व नातीनेंहि ती मागितलेली नाहीं.

हल्लीं वाद्यें घरपोंच येतात. छायाचित्र पाहावें, पैसे भरावे, चार दिवसांत खोकें दारांत. किंमतहि कधीं कधीं शेंपन्नास रुपयांनीं कमी असते. ज्याला आपल्याला काय हवें तें नेमकें ठाऊक आहे, त्याला हा मार्ग सोयीचा आहे. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु पहिलें वाद्य घेणाऱ्या मुलास आपल्याला काय हवें हेंच समजावयाचें असतें, आणि तें खोकें उघडल्यावर समजून उपयोग नसतो. त्यासाठीं भिंतभर वाद्यें लागतात, तीं खालीं उतरवून देणारा मनुष्य लागतो, आणि मूल वाजवीत असतां घाई न करणारें एक स्टूल लागतें. धोबी तलावावर या तिन्ही वस्तु अद्याप मिळतात. दुपारच्या आंत गेल्यास गर्दी कमी असते. मुलास बरोबर न्यावें. घरच्या वडील माणसांची अट असेल तर तीहि बरोबर न्यावी, आणि दुकानांतून फोन करण्यास लाजूं नये.